कळ आणि काच

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. आमचे पूर्वज कोणत्या लढाईत होते याचा काही पुरावा नाही; तेव्हा हत्यारे म्हणजे स्वयंपाकघरातली विळी, आजोबांचा अडकित्ता, मुलांच्या कंपासपेट्या आणि माझे फाउंटन पेन. गेल्या नवमीला या मंडळींत एका नव्या पाहुण्याची भर पडली. माझा भाचा पुण्याहून आला होता. त्याने आपला कोरा करकरीत लॅपटॉप पाटावर आणून ठेवला. बहिणीने त्याला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि आरती झाल्यावर मी कौतुकाने तो उघडून पाहिला.

पाहतो तो काय, कळफलकाची सर्वांत वरची ओळ नाहीशी झालेली! जिथे एरवी बारा-तेरा छोट्या कळा ओळीने बसलेल्या असतात, तिथे काळ्या काचेची एक गुळगुळीत पट्टी होती. यंत्र जागे होताच तिच्यावर पांढरी चिन्हे उजळली.

"मामा, आता तिथे कळा नसतात," भाचा म्हणाला. "नुसते बोट लावले की काम होते."

"आणि चुकून लागले तर?"

"तरीही होते," तो हसत म्हणाला.

त्याच्या हसण्याचा अर्थ मला त्या रात्री कळला. माझा जुना संगणक दुरुस्तीला गेला होता आणि कादंबरीचे एक प्रकरण पुरे करायचे होते, म्हणून मी भाच्याचे यंत्र मागून घेतले. लिहिता लिहिता विचार करायला थांबावे, बोटे सहज वरच्या अंगाला टेकावीत, आणि पडदा एकदम मंद व्हावा. असे तीनदा झाले. मला वाटले, दोष आपल्या वयाचा. पन्नाशी जवळ आली की नव्या यंत्रांशी माणसाचे असे खटके उडायचेच. परंतु दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आमच्या शाळेचे गायनमास्तर सोने द्यायला आले आणि त्यांच्या हातून त्या यंत्रावर जे घडले, त्याने माझी समजूत पार बदलून टाकली. ती हकीकत शेवटी सांगेन. आधी या कळेचा आणि काचेचा थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे.

दहावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत वडिलांनी मला टायपिंगच्या वर्गात घातले होते. तालुक्याच्या गावी, एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर तो वर्ग भरे. दहा-बारा यंत्रे एकदम सुरू झाली की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज होई. पहिले दोन आठवडे एकच धडा : ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. रामरक्षेसारखा तो आम्ही घोकला. खाली पाहण्याची मनाई होती. कोणी पाहताना सापडला की वर्ग चालवणारे गुरुजी येऊन त्याच्या दोन्ही हातांवर आपला रुमाल पसरीत आणि म्हणत, "डोळे कागदाला दिलेत ना? मग बोटांना त्यांचे काम करू द्या." त्या वेळी हा छळ वाटे. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा कळले, की त्या रुमालाखाली मला आयुष्यभराची मिळकत मिळाली होती. वाक्य मनात येते आणि बोटांतून उतरते. मधे डोळ्यांना विचारावे लागत नाही.

डोळ्यांना न विचारणे हा या कळांचा जन्मापासूनचाच धर्म आहे. इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाचा एक कल्पक गृहस्थ होऊन गेला. कॅरोलिना फँतोनी ही त्याची परिचित सरदारघराण्यातली स्त्री अंध होती. तिला दुसऱ्याच्या हातून पत्रे लिहवून घ्यावी लागू नयेत, आपले मनोगत आपणच लिहिता यावे, म्हणून तुर्रीने तिच्यासाठी लिहिण्याचे यंत्र केले असे मानले जाते. ते यंत्र आज उरलेले नाही. मात्र तिने त्यावर उमटवलेली पत्रे उरली आहेत, आणि त्यांतली जुनी पत्रे १८०८ सालची आहेत. अक्षरांना शाई मिळावी म्हणून त्याने काजळी लावलेला कागदही योजला होता. आपल्या कचेऱ्यांनी पुढे शंभरावर वर्षे वापरलेल्या कार्बन कागदाचा तो पूर्वज. म्हणजे लेखनयंत्राच्या इतिहासातली ही अगदी आरंभीची कळ दाबणाऱ्या बाईला ती कळ दिसत नव्हती, आणि दिसण्याची गरजही नव्हती.

व्यापारी टाइपरायटर आला तो अमेरिकेतून. मिलवॉकी शहरातल्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांनी दोन साथीदारांसह १८६८ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या पहिल्या नमुन्याच्या कळा पियानोसारख्या होत्या. पुढे बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते काम हाती घेतले आणि १८७४ मध्ये यंत्र बाजारात आणले. त्यात फक्त मोठी अक्षरे उमटत, आणि खिळे खालच्या बाजूने कागदावर आदळत असल्यामुळे लिहिलेली ओळ लिहिणाऱ्याला तत्काळ दिसतही नसे. लहान-मोठी अशी दोन्ही अक्षरे १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात आली. त्यासाठी एक जादा कळ दिलेली असे. ती दाबली की कागदाची गाडी जागची सरके आणि त्याच खिळ्यावरचे दुसरे अक्षर उमटे. आज आपण जिला शिफ्ट म्हणतो ती हीच. सरकणारी गाडी केव्हाच गेली, नाव मात्र लॅपटॉपपर्यंत चालत आले.

या यंत्रावर डोळे श्रेष्ठ की बोटे श्रेष्ठ, याचा एकदा जाहीर निकालही लागला आहे. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी शहरात दोन टंकलेखकांची शर्यत झाली. एका बाजूला लुई ट्रॉब. त्यांच्या यंत्रावर लहान आणि मोठ्या अक्षरांसाठी वेगवेगळ्या कळा होत्या, आणि ते कळा पाहून लिहीत. दुसऱ्या बाजूला सॉल्ट लेक सिटीचे फ्रँक मॅकगरिन. यांनी आपल्या रेमिंग्टनच्या साऱ्या कळा बोटांना पाठ करून ठेवल्या होत्या आणि त्यांची नजर मजकुरावरून हलत नसे. मॅकगरिन जिंकले. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला आणि न पाहता लिहिण्याची ही रीत सगळीकडे शिकवली जाऊ लागली. तिला इंग्रजीत नाव पडले 'टच टायपिंग', म्हणजे स्पर्शाने लिहिणे.

वाचकहो, हा 'टच' शब्द जरा लक्षात ठेवा. त्या काळी त्याचा अर्थ असा होता, की बोटाला सारे ठाऊक आहे, डोळ्याने खाली पाहू नये. आज दुकानात 'टच' म्हणून जे दाखवतात, त्यात बोटाला काहीच ठाऊक नसते. प्रत्येक वेळी डोळ्याने आधी जागा पाहून द्यावी लागते. शब्द एकच, पण शंभर-सव्वाशे वर्षांत तो नेमका उलट्या घरी नांदायला गेला.

टाइपरायटर गेला आणि संगणक आला, तरी कळफलक तोच राहिला. फक्त त्याचा गोतावळा वाढला. अगदी डाव्या कोपऱ्यातली एस्केप ही कळ ज्या कल्पनेतून आली ती बॉब बेमर या संगणकशास्त्रज्ञांची, १९६० सालची. त्या वेळी निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांच्या संकेतलिपी वेगळ्या असत. एका लिपीतून बाहेर पडून दुसरीत शिरता यावे यासाठी त्यांनी हा सुटकेचा संकेत सुचवला. पुढे ती कळ साऱ्या अडचणींतून बाहेर पडण्याचे दार झाली. काही बिघडले, अडकले, नको ते उघडले, की एस्केप. १९७६ साली बिल जॉय यांनी लिहिलेला 'व्ही आय' नावाचा मजकूर लिहिण्याचा कार्यक्रम आहे. त्यात तर लिहिणे थांबवून आज्ञा देण्यासाठी दर वेळी एस्केप दाबावी लागते. संगणकाची भाषा लिहिणाऱ्यांच्या डाव्या करंगळीला ती जागा झोपेतही सापडते.

एस्केपच्या शेजारच्या त्या एफ-एक, एफ-दोन अशा कळाही अशाच हळूहळू जमल्या. आय.बी.एम. कंपनीचा घरगुती संगणक १९८१ साली आला तेव्हा त्या दहा होत्या आणि डाव्या हाताला दोन रांगांत उभ्या होत्या. दशकाच्या मध्यावर त्या बारा झाल्या आणि वरच्या काठाला, चार-चारांच्या गटाने, मधे फट ठेवून बसल्या. ही फट शोभेसाठी नव्हे. आपल्या पेटीच्या काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटाने असतात, म्हणून वादकाला न पाहता षड्ज सापडतो. तसेच हे. एफ आणि जे या अक्षरांवर जी बारीक उंच रेघ असते, तीही त्याचसाठी : दोन्ही तर्जन्यांना आपापले घर कळावे.

आता काचेकडे, नव्हे, सपाटीकडे वळू. कारण कळा सपाट करण्याचा हव्यास लॅपटॉपच्या आधीचा आहे. अटारी कंपनीने १९७९ साली 'अटारी ४००' हा संगणक काढला, त्यात कळा नव्हत्याच. एका प्लास्टिकच्या सपाट पडद्यावर अक्षरे छापलेली होती. हेतू चांगला होता. घरातली मुले त्यावर दूध सांडतील, बिस्किटांचा चुरा पाडतील, तर पुसून घ्यावे! इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८१ साली असाच सपाट पडद्याचा 'झेड एक्स ८१' सत्तर पौंडांच्या आत विकला. त्याने हजारो घरांतल्या मुलांना संगणक दाखवला, हे त्याचे पुण्य मोठेच आहे. पण त्यावर चार ओळी लिहिताना बोटे दुखून येत. पुढच्याच वर्षी सिंक्लेअर यांनी रबरी कळा दिल्या आणि अटारीनेही १९८३ च्या यंत्रात खऱ्या कळा आणल्या. आय.बी.एम.ने १९८३ च्या अखेरीस 'पी.सी. ज्युनिअर' जाहीर केला, त्याच्या सुट्या सुट्या, चघळायच्या गोळ्यांसारख्या कळांवर एवढी टीका झाली, की १९८४ मध्ये कंपनीने गिऱ्हाइकांना साधा कळफलक फुकट बदलून दिला. त्याच वर्षी ॲपलचा मॅकिंटॉश आला तो बाणांच्या कळा वगळून. लोकांनी उंदीर हाती धरायला शिकावे ही त्यामागची इच्छा. दोन वर्षांनी, १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसबरोबर बाण मुकाट्याने परत आले.

म्हणजे पाहा, पाच-सात वर्षांत चार वेळा खटला उभा राहिला आणि चारही वेळा निकाल बोटांच्या बाजूने लागला. मग तोच खटला पुन्हा का उभा राहावा?

त्याचे कारण फोन. ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन जगापुढे आला आणि पाहता पाहता कळांचे फोन मागे पडले. इथे काच जिंकली, आणि न्यायाने जिंकली, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. किंबहुना मराठी माणसाने तर या काचेचे आभार मानले पाहिजेत. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकांच्या कळांवर छापलेली असतात रोमन अक्षरे. देवनागरीसाठी सरकारने १९८६ साली इनस्क्रिप्ट ही मांडणी ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. क जिथे, तिथेच शिफ्ट धरून ख. मांडणी मोठी शहाणी. पण कळेवर ती दिसत नाही, म्हणून ज्याने ती शिकून घेतली तोच तिचा धनी. काचेवर मात्र अक्षरे हवी तेव्हा बदलता येतात. एक खूण दाबली की रोमन जाऊन तिथे क, ख, ग उभे. त्यामुळे ज्यांनी जन्मात टायपिंगचा वर्ग पाहिला नाही, त्या माझ्या आईसारख्या बायका आज गावाकडच्या भावजयीला देवनागरीत निरोप धाडतात. हे कळेला जमले नव्हते.

पण फोन माणूस हातात धरून पाहत पाहत वापरतो. बोट जिथे, तिथेच नजर. लॅपटॉपवर नजर पडद्यावर आणि बोटे खाली. हा भेद विसरून फोनची काच लॅपटॉपवर चढवण्याचे प्रयोग सुरू झाले.

पहिला ठळक प्रयोग लेनोव्होचा. २०१४ च्या जानेवारीत त्यांनी आपल्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनच्या दुसऱ्या आवृत्तीत वरची ओळ काढून स्पर्शाची पट्टी बसवली. जसे काम तशी तिच्यावरची चिन्हे बदलत. थिंकपॅड हा लिहिणाऱ्यांचा लाडका कळफलक; त्यांनी एवढी नाराजी दाखवली, की २०१५ च्या जानेवारीतल्या तिसऱ्या आवृत्तीत जुन्या कळा जागेवर आल्या. पट्टीचे आयुष्य एक वर्ष.

दुसरा प्रयोग ॲपलचा, अधिक थाटाचा. २७ ऑक्टोबर २०१६ रोजी, म्हणजे आपल्याकडे दिवाळी सुरू होत होती त्याच सुमाराला, मॅकबुक प्रोवर 'टच बार' आला. वरची ओळ जुनाट झाली, तिच्या जागी हवी तशी रंग बदलणारी पट्टी हवी, असा त्यांचा दावा. चित्रे काढणाऱ्यांना, ध्वनी जुळवणाऱ्यांना तिच्यावर बोट सरकवून रंग, आवाज कमीजास्त करता येई. काहींना ती मनापासून आवडलीही. परंतु तिच्यापायी एस्केपही काचेत गेली. डाव्या करंगळीला जिथे चाळीस वर्षे दार होते, तिथे आता दाराचे चित्र होते. तक्रारी थांबेनात. नोव्हेंबर २०१९ च्या सोळा इंची यंत्रात खरी एस्केप परत आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्या मॅकबुक प्रोमधून टच बारच गेला आणि पूर्ण उंचीच्या कळांची ओळ आली. एका लहान यंत्रावर तो तग धरून होता, तेही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाले. सात वर्षे.

तिसरा प्रयोग डेलचा. २०२२ च्या एक्स.पी.एस. १३ प्लसमध्ये वरची ओळ काचेची झाली, २०२४ मध्ये मोठ्या यंत्रांनाही तीच मिळाली, आणि २०२६ च्या जानेवारीत जाहीर केलेल्या नव्या यंत्रांत कळा पुन्हा उगवल्या. पुढच्या कंपनीला मागच्या कंपनीच्या ठेचेने शहाणपण येत नाही, हा माणसांचाच स्वभाव यंत्रांतही उतरलेला दिसतो.

हे असे का होते? उत्तर यंत्राच्या पोटात आहे. लॅपटॉपच्या कळेखाली कात्रीसारखी दुमडणारी प्लास्टिकची चौकट आणि रबराची इवलीशी घुमटी असते. कळ उणीपुरी दीड मिलिमीटर खाली जाते. पण तेवढ्या वाटेत ती आधी किंचित अडते, मग एकदम मान टाकते. बोटाला पोच मिळते, की काम झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कळेवर बोट नुसते ठेवले तर काही होत नाही. टेकणे वेगळे, दाबणे वेगळे. काचेखाली विजेची अदृश्य जाळी असते. बोट जवळ आले की तिथला विद्युतभार बदलतो आणि यंत्र समजते, की हुकूम झाला. तिला टेकणे आणि दाबणे यांतला भेद सहसा कळत नाही. उंबरठ्यावर उभा राहिलेला पाहुणा आणि घरात येऊन बसलेला पाहुणा तिला एकच.

यात फार तर पडदा मंदावेल, त्याचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याने एक उदाहरण ऐकावे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटे सिंगापूरजवळच्या समुद्रात अमेरिकेच्या आरमाराची 'जॉन एस. मॅक्केन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा खलाशी मरण पावले. या जहाजाचे सुकाणू आणि वेग यांचे नियंत्रण स्पर्शाच्या पडद्यांवर होते. नियंत्रण एका जागेवरून दुसरीकडे नेताना गोंधळ झाला. वेग कमी करायचा तो दोन्ही पंख्यांचा. पडद्यावर तो एकाचाच झाला, आणि तेही कोणाच्या लवकर ध्यानात आले नाही. अपुरे शिक्षण, थकवा, अशी इतर कारणेही चौकशीत निघाली. सारा दोष काचेचा नव्हे. पण हाताला लागणारा दांडा असता तर तो कुठे आहे हे मुठीला कळले असते, हेही चौकशीने नोंदवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या आरमाराने ठरवले, की अशा जहाजांवर वेगाचे दांडे पुन्हा बसवायचे.

आता मास्तरांची हकीकत.

आमचे गायनमास्तर जन्मांध आहेत. तीस वर्षे त्यांनी आमच्या शाळेतल्या मुलांच्या गळ्यात सूर घातले. संगणकावर ते माझ्यापेक्षा जलद मराठी लिहितात. इनस्क्रिप्ट त्यांना पाठ आहे. ज्या दोन कळांवर उंच रेघ असते, त्यांतली डावी ऱ्हस्व वेलांटी आणि उजवी र. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली 'एन.व्ही.डी.ए.' नावाचा, पडद्यावरचे वाचून दाखवणारा कार्यक्रम सुरू केला. तो फुकट मिळतो, आणि तोच मास्तरांचे डोळे. त्यात इन्सर्ट आणि एफ-बारा या कळा एकदम दाबल्या की यंत्र वेळ सांगते. मास्तरांच्या खोलीत भिंतीवर घड्याळ नाही.

दसऱ्याला आले तेव्हा ते नव्या यंत्राच्या विचारात होते. बंदिशींची वही तयार करण्याचे त्यांचे काम अर्धे झाले होते आणि जुना लॅपटॉप दम टाकू लागला होता. भाच्याने उत्साहाने आपले यंत्र त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि तो बोलका कार्यक्रमही त्यात उतरवून दिला. मास्तरांची बोटे खाली उतरली, दोन्ही तर्जन्या आपापल्या घरी बसल्या, क्षणात चार ओळी झाल्या. त्यांचा चेहरा खुलला. मग वेळ विचारावी म्हणून उजवा हात वर गेला आणि थबकला.

"इथे भिंत आहे का हो?" त्यांनी विचारले.

"भिंत नाही मास्तर, कळाच आहेत," भाचा म्हणाला. "फक्त काचेच्या. बोट फिरवा, सापडतील."

मास्तरांनी बोट फिरवले. कळा शोधण्याची त्यांची रीत तीच : आधी चाचपायचे, गट मोजायचे, मग दाबायचे. पण इथे चाचपणे हेच दाबणे होते. बोट डावीकडून निघाले आणि पुढच्या क्षणी यंत्राचा आवाज बंद झाला. त्या पट्टीत आवाज मिटवण्याची जी खूण होती, तिला बोट लागले होते. आपल्याला आवाज गेला तर गाणे थांबते. मास्तरांचा आवाज गेला तेव्हा त्यांच्यापुढचा सगळा पडदाच विझला. ते तसेच बसून राहिले. हात मांडीवर घेतले आणि अगदी हळू म्हणाले, "सर, हे बोलायचे थांबले. आता मी काय करू?"

आवाज परत आणायला भाच्याला एक क्षण पुरला, कारण त्याला खूण दिसत होती. स्पर्शाच्या पट्ट्या बनवणारे अंधांचा अगदीच विचार करत नाहीत असे नव्हे. टच बारलाही बोलून दाखवण्याची सोय ठेवलेली होती. पण ती सोय म्हणजे एका झटक्यात होणाऱ्या कामासाठी आधी ऐका, मग थांबा, मग दोनदा टकटक करा. ज्या माणसाला कालपर्यंत कोणालाही काही विचारावे लागत नव्हते, त्याला पुन्हा विचारायला लावणे, याला सोय म्हणणे मला जड जाते. कॅरोलिना फँतोनीला आपले पत्र आपल्या हाताने लिहिता यावे म्हणून जी कळ जन्माला आली, ती दोनशे वर्षांनी आमच्या मास्तरांच्या बोटाखालून काढून घेतली गेली, ती एवढ्याचसाठी, की काठ गुळगुळीत दिसावा.

त्या संध्याकाळी भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आमच्या ऑफिसात आम्ही अशा गोष्टी रोज बनवतो. डोळे मिटून कोणी वापरून पाहिल्याचे मला आठवत नाही."

मी म्हटले, "आमच्या टायपिंगच्या गुरुजींजवळ एक रुमाल होता."

दिवाळीच्या आधी आम्ही तिघे तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदार एकेका यंत्राच्या पडद्याचे, वजनाचे, रंगाचे गुण गाऊ लागला. मास्तरांनी त्याला थांबवले नाही. ते नुसते हात पुढे करून बसले होते. भाचा एकामागून एक यंत्रे त्यांच्या हातांखाली ठेवत होता. तिसऱ्या यंत्रावर मास्तरांचे बोट वरच्या ओळीवरून सावकाश निघाले. चार कळा, मग फट. चार कळा, मग फट. पुन्हा चार. शेवटच्या कळेवर ते टेकले, क्षणभर तसेच राहिले आणि काहीही झाले नाही.

"हं," मास्तर म्हणाले, "इथे वस्ती आहे." आणि मग त्यांनी किंमत विचारली.

बंदिशींची वही माघात पुरी झाली. छापून आलेली एक प्रत त्यांनी भाच्याला पुण्याला पाठवली. ती लिहिलेल्या यंत्राची खंडेनवमीला पूजा करायचे मास्तरांनी ठरवले आहे.